शंभर टक्क्यांचा नाद सोडा: इलेक्ट्रिक गाडीने लांबचा प्रवास

इलेक्ट्रिक गाडी घेतली की जो तो एकच प्रश्न विचारतो: "एकदा चार्ज केली की किती जाते?" रोजच्या जाण्यायेण्यासाठी प्रश्न ठीक आहे. पण सहाशे किलोमीटर जायचं असेल तर वाटेत थांबावं लागणारच आहे. तेव्हा कामाचे प्रश्न दोनच उरतात. थांबल्यावर गाडी वीज किती भराभर घेते? आणि चालताना ती कशी खर्च करते? ही दोन कोडी उलगडली की लांबच्या प्रवासाची धाकधूक पुष्कळ कमी होते. पुढे थोडी आकडेमोड आहे, पण सगळी तोंडी जमण्यासारखी.

आधी हिशेबाचं माप ठरवू. वीजबिलावर जे युनिट असतं तेच इथेही धरायचं. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट होतं, आणि गाडीच्या माहितीपत्रकात त्यालाच किलोवॅट-तास म्हणतात. मध्यम आकाराच्या गाडीची बॅटरी 60 युनिटांची असते असं धरू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट ऊर्जा असते, म्हणजे ही अख्खी बॅटरी सात लिटर पेट्रोलच्याही बरोबरीची नाही. तरी तेवढ्यावर गाडी तीनशे-चारशे किलोमीटर जाते. मोटर आणि तिच्या जोडीची यंत्रणा मिळून बॅटरीतली पंच्याऐंशी-नव्वद टक्के वीज चाकांपर्यंत पोचवते, तर इंजिन पेट्रोलमधली बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपात हवेत सोडून देतं.

या काटकसरीचीच एक दुसरी बाजू आहे आणि नवख्या माणसाला ती घाबरवते. इंजिनात मुळातच इतकं वाया जात असतं की वारा, थंडी, घाट यांचा जादा खर्च त्यात झाकून जातो. इलेक्ट्रिक गाडीत वाया जाणारं थोडं, म्हणून प्रत्येक जादा खर्च डोळ्यांत भरतो. काल 400 किलोमीटर गेलेली गाडी आज 300च का जाते म्हणून लोक सर्व्हिस सेंटर गाठतात. बहुतेक वेळा गाडीत काहीच बिघडलेलं नसतं, रस्ता किंवा हवा वेगळी असते.

माहितीपत्रकातला आकडा आणि हायवेवरचा अनुभव जुळत नाही, त्याचंही कारण साधं आहे. डब्ल्यूएलटीपी या प्रचलित चाचणीत गाडीचा सरासरी वेग ताशी 47 किलोमीटरच्या आसपास असतो. आपण हायवेवर त्याच्या दुप्पट वेगाने जातो आणि आकडा मात्र तोच धरून बसतो. गाडीच्या पडद्यावर "इतके किलोमीटर शिल्लक" असं दिसतं, तो तर आपल्या आधीच्या चालवण्यावरून बांधलेला अंदाज असतो. शहरातून हायवेला लागलं की तो कोसळतो. मी त्या जागी टक्केवारी लावून ठेवली आहे आणि शेजारी एका युनिटला किती किलोमीटर पडतात ते. ॲव्हरेज काढायची सवय आपल्याला आहेच, फक्त लिटरच्या जागी युनिट धरायचं.

वेग: वेळ वाचवायला की पोचायला?

ताशी 90ने जाताना साधारण गाडी एका युनिटला 7 किलोमीटर देते. 100ला सहाच्या थोडं वर, 120ला 5. गाडीगणिक आकडे थोडे हलतील, पण घसरण अशीच राहील, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 90चा वेग 120 केला की वेग वाढतो एक तृतीयांशाने, पण हवेचा विरोध होतो पावणेदोन पटींहून थोडा जास्त. टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण मात्र वेगाने फारसं वाढत नाही. त्यामुळे एकूण खर्च दुपटीला जात नाही, पण 60 युनिटांची गाडी 420 किलोमीटरवरून 300वर येते.

यावरून सगळे सल्ला देतात की हळू चालवा, थांबे कमी लागतील आणि लवकर पोचाल. मीही बरेच दिवस तेच धरून चाललो. एकदा कागद घेऊन हिशेब मांडला तेव्हा कळलं की हे दर वेळी खरं नसतं.

सहाशे किलोमीटरचा प्रवास घ्या. निघताना बॅटरी पूर्ण भरलेली आणि पोचताना 10 टक्के शिल्लक, म्हणजे घरून 54 युनिट वापरायला मिळाले. ताशी 90ने एकूण 86 युनिट लागतील, तेव्हा वाटेत 32 भरायचे. 120ने लागतील 120, तेव्हा वाटेत 66 भरायचे. चार्जर दमदार असेल आणि सरासरी 80 किलोवॅटने, म्हणजे तासाला 80 युनिट, वीज मिळत असेल तर पहिल्या प्रवासात चार्जिंगला 24 मिनिटं जातात, दुसऱ्यात 50. चालण्याचा वेळ मिळवला तर 90ने सात तासांच्या थोडं वर लागतात आणि 120ने सहा तासांच्या आत. म्हणजे चार्जर चांगले असतील तर वेगाने जाणाराच लवकर पोचतो.

आता तोच प्रवास 25 किलोवॅटच्या चार्जरवर करा. 32 युनिटांना सव्वा तास आणि 66 युनिटांना अडीच तासांहून जास्त. एकूण वेळ होतो आठ तासांच्या जरा आत आणि साडेसात तासांच्या जरा वर. 120वाल्याला एक थांबा जास्त करावा लागतो, तो धरला तर फरक पाच-दहा मिनिटांवर येतो. त्यासाठी तेवढा वेग, तेवढा ताण आणि चौतीस युनिटांचा जादा खर्च मला पटत नाही.

पण कमी वेगाचं खरं मोल वेगळ्याच ठिकाणी कळतं. बॅटरीत 12 युनिट उरलेत असं समजा. ताशी 120ने ते 60 किलोमीटर नेतील, 90ने 84 आणि 70ने शंभराच्या पुढे. काहीही न भरता, फक्त पाय उचलून, चाळीस-पन्नास किलोमीटर जास्त मिळतात. पेट्रोलच्या गाडीत रिझर्व्ह असतं तसं इलेक्ट्रिक गाडीचं रिझर्व्ह तिच्या वेगात असतं. मात्र ते लवकर वापरायचं. 20 टक्क्यांना वेग उतरवला तर पुष्कळ हाती लागतं, 4 टक्क्यांना उतरवला तर फारसं काही उरलेलं नसतं.

वारा, घाट, थंडी

समोरून ताशी 20 किलोमीटरचा वारा असेल तर 90ने जाणाऱ्या गाडीला हवेचा विरोध 110चा लागतो, म्हणजे जवळजवळ दीडपट. वारा दिसत नाही, म्हणून माणूस त्याला हिशेबात धरत नाही. रस्त्याकडेची झाडं आणि झेंडे कुठल्या बाजूला झुकलेत ते बघायची सवय लावून घ्या. टपावरचं सामानही हेच काम करतं. जेवढं डिकीत बसेल तेवढं डिकीतच बसवावं. आणि निघण्याआधी टायरमधली हवा बघणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

घाटाचं गणित नेमकं करता येतं. माणसांसकट दोन टनांची गाडी 1000 मीटर उंच चढवायला जवळपास साडेपाच युनिट लागतात, आणि मोटरमधला अपव्यय धरला की सहाच्या वर. हे सपाट रस्त्याच्या खर्चाखेरीज. आमच्या 60 युनिटांच्या गाडीत हे दहा टक्के झाले. चढताना टक्के भराभर उतरायला लागले की छातीत धस्स होतं, पण वर पोचल्यावर पुढे उतार असेल तर त्यातला बराच भाग परत मिळतो. उतारावर मोटर उलट काम करते, चाकांनी फिरून वीज तयार करते. त्यालाच रीजन म्हणतात. पूर्ण परत कधीच मिळत नाही, पण घाट उतरताना टक्केवारी घटण्याऐवजी वाढताना पाहणं हा माझ्यासाठी अजूनही प्रवासातला सगळ्यात आनंदाचा क्षण असतो.

थंडीचा फटका तीन बाजूंनी बसतो. गार बॅटरी वीज देताना आणि घेताना आखडते. गार हवा दाट असते, त्यामुळे विरोध वाढतो. आणि इंजिनाची फुकटची ऊब नसल्यामुळे गाडीतला हीटर बॅटरीवरच चालतो. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांना हा शेवटचा खर्च कमी येतो. आसन गरम करायची सोय असेल तर ती वापरा, कारण अख्ख्या गाडीतली हवा तापवण्यापेक्षा अंग तापवणं कितीतरी कमी विजेत होतं.

एसीबद्दल मात्र लोक उगाच घाबरतात. रहदारीत अडकलो तर बॅटरी संपेल ही भीती मी फार ऐकली आहे. उन्हात उभ्या गाडीचा एसी तासाला एक-दीड युनिट घेतो. तीन तास अडकलात तरी चार-पाच युनिट. उभ्या गाडीची मोटर काही खात नाही.

भरायची बॅटरी, पण काठोकाठ नाही

हंडा भरताना आपण सुरुवातीला नळ पूर्ण सोडतो आणि काठ जवळ आला की बारीक करतो. फास्ट चार्जिंग तसंच चालतं. बॅटरीत चार्जिंगच्या वेळी लिथियमचे कण एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. रिकाम्या नाट्यगृहात शिरणारे प्रेक्षक दिसेल त्या खुर्चीवर बसतात, पण नाट्यगृह भरत आलं की उरलेली खुर्ची शोधत सरकावं लागतं. दारातून गर्दी ढकलत राहिलं तर माणसं वाटेतच उभी राहतात. बॅटरीत असं झालं तर लिथियम थरात न शिरता वरच धातू होऊन साचतं आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. म्हणून गाडी स्वतःच चार्जरला सांगते, आता कमी दे. वीज किती घ्यायची हे शेवटी गाडी ठरवते, चार्जर नव्हे.

याचा परिणाम आकड्यांत बघा. आपल्या 60 युनिटांच्या गाडीला 10वरून 80 टक्क्यांवर जायला अर्धा तास लागतो असं धरू. या अर्ध्या तासात 42 युनिट आले, म्हणजे अडीचशे किलोमीटर. पुढे 80वरून 100वर जायलाही बऱ्याच गाड्या जवळपास तेवढाच वेळ घेतात आणि त्यात येतात 12 युनिट, म्हणजे सत्तर किलोमीटर. लागणारा वेळ तोच आणि मिळणारं अंतर एक तृतीयांशाहूनही कमी. मीटर शंभरावर गेल्याशिवाय समाधान न होणाऱ्या माणसाचा दिवस इथे वाया जातो. एक लांबलचक थांबा घेण्यापेक्षा दोन आटोपशीर थांबे घ्या. 10-15 टक्क्यांवर पोचून 70-80ला निघायचं. पाच थांबेही नकोत, कारण हायवे सोडणं, गन (चार्जरच्या केबलच्या टोकाचा प्लग) लावणं, पैसे भरणं यात दर वेळी दहा मिनिटं जातात.

अपवाद दोन. पुढचा चार्जर फार लांब असेल तर अर्थातच जास्त भरा. आणि घरून निघताना बॅटरी शंभर टक्के भरून घ्या, फक्त ती भरणं निघायच्या थोडंच आधी पूर्ण होईल असं बघा. काठोकाठ भरलेली बॅटरी दिवसेंदिवस तशीच उभी ठेवणं तिला मानवत नाही. गाडीत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी असेल तर कंपनी अधूनमधून शंभर टक्के भरायला सांगते. या बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) मधल्या सगळ्या टप्प्यात जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे नेमके किती टक्के उरलेत हे गाडीला ओळखणं जड जातं. पूर्ण भरली की तिचा अंदाज पुन्हा जुळतो.

चार्जरवर लिहिलेला किलोवॅटचा आकडा ही त्याची कमाल मर्यादा असते. तो आणि गाडीची क्षमता यांत जो लहान, तोच मिळतो. 50 किलोवॅट घेणारी गाडी 150च्या चार्जरला लावली तरी 50च घेणार. शिवाय बऱ्याच ठिकाणी एका चार्जरला दोन गन असतात आणि दोन गाड्या लागल्या की वीज वाटली जाते. शेजारचा चार्जर पूर्ण मोकळा असेल तर तिकडे लावा.

बॅटरीचं तापमानही बघायला हवं. गार बॅटरीत कण सावकाश सरकतात, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत गाडी चार्जिंग निम्म्या वेगानेही घेत नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत गाडीच्याच नकाशात चार्जर हे पुढचं ठिकाण म्हणून टाकलं की वाटेतच बॅटरी तापवून तयार ठेवायची सोय असते. फोनवरचा नकाशा वापरला तर गाडीला हे कळतच नाही. मी पहिल्या हिवाळ्यात ही चूक केली आणि प्रत्येक थांब्यावर वीस मिनिटं जास्त बसलो.

चार्जरपाशी

आता जो प्रसंग मला अजून आठवतो तो सांगतो. संध्याकाळची वेळ, सोबत घरचे. गाडीचा अंदाज होता की चार्जरपाशी 14 टक्के उरतील. समोरून वारा सुटला होता, तो मी धरलाच नव्हता. पोचलो तेव्हा 6 टक्के. तिथे एकच चार्जर. एका गनचा पडदा काळा पडलेला, दुसरीला एक गाडी लागलेली आणि ती 91 टक्क्यांवर. मालक जवळपास कुठे नाही. गाडीत मागे धाकटी झोपलेली, बायको काही बोलत नव्हती, आणि मी खाली उतरून त्या काळ्या पडद्याकडे बघत उभा. सहा टक्के म्हणजे साडेतीन युनिट. पुढचा चार्जर 31 किलोमीटरवर. ताशी 60ने, उजव्या बाजूने सगळ्यांना पुढे जाऊ देत गेलो असतो तर कदाचित जेमतेम पोचलो असतो, पण तोही बंद निघाला असता तर? पाऊण तासाने मालक आले. मनाने भले होते, शंभर होऊ द्यावी म्हणून दूर बसले होते एवढंच.

त्या रात्रीनंतर मी दोन गोष्टी पक्क्या केल्या. एकच चार्जर असलेल्या ठिकाणी कमी टक्क्यांवर पोचायचंच नाही. जिथे चार-सहा चार्जर एकत्र आहेत तिथे 10 टक्क्यांवर जायला हरकत नाही. जिथे एकच आहे तिथे पोचताना त्याच्या पुढच्या चार्जरपर्यंत जाता येईल एवढी वीज हवी. आणि ॲपमध्ये चार्जर हिरवा दिसतो एवढ्यावर विसंबायचं नाही. प्लगशेअरसारख्या ॲपवर तिथे शेवटची गाडी कधी यशस्वी चार्ज झाली ते लोक लिहितात. कालची नोंद असेल तर विश्वास ठेवा, दोन महिन्यांपूर्वीची असेल तर पर्याय शोधून ठेवा. प्रवासाची आखणी करायला ए बेटर रूटप्लॅनर नावाचं साधन आहे. ते गाडीचा प्रकार, चढउतार आणि हवामान धरून थांबे सुचवतं. त्यात पोचतानाची टक्केवारी मी 15 ठेवतो.

चार्जिंग सुरू होत नसेल तर लगेच हात टेकू नका. गाडी आणि चार्जर आधी एकमेकांशी बोलतात, तपासणी करतात आणि मगच वीज सोडतात. ही बोलणी बऱ्याचदा अर्ध्यावर तुटतात. गन काढून पुन्हा लावा. केबल जड असते, तिच्या वजनाने गन खाली झुकते आणि आतले संपर्क नीट बसत नाहीत, म्हणून सुरुवातीचं मिनिटभर ती हाताने वर उचलून धरा. मी असं करून दोनदा सुटलोय. लाल रंगाचं आणीबाणीचं बटण कुणी दाबून ठेवलेलं असतं, ते फिरवून सोडवायचं. पण आधी मदतक्रमांकावर विचारा, कुणी खऱ्या कारणाने दाबलेलं असू शकतं. नंतर गन निघत नसेल तर गाडी एकदा अनलॉक करा, कुलूप तिथेही असतं. आणि ॲप, खातं, पैसे हे सगळं घरूनच तयार करून निघा. आडवाटेच्या चार्जरपाशी नेटवर्क मिळेलच असं नाही.

माझ्या मते सर्वांत चांगला थांबा रात्रीचा. मुक्कामाच्या जागी 7 किलोवॅटचा साधा चार्जर असेल तर आठ-नऊ तासांत 60 युनिट भरतात, आणि आपण झोपलेले असतो म्हणून तो वेळ प्रवासात धरावाच लागत नाही. बॅटरीलाही हे सावकाश भरणं सोसतं. मी हल्ली आधी चार्जर असलेली मुक्कामाची जागा शोधतो आणि मग त्या बाजूने दिवसाचे टप्पे आखतो. फोन करून विचारताना "चार्जर आहे का" एवढंच विचारू नये. चालू आहे का, रात्रभर गाडी लावता येईल का, आणि आपल्या आधी कुणी सांगून ठेवलंय का, हे तिन्ही विचारावं.

मुक्काम डोंगरावर असेल तर एक गोष्ट जपा. सकाळी लगेच उतार लागणार असेल तर रात्री शंभर टक्के भरू नका, 85ला थांबवा. काठोकाठ भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज घ्यायला जागाच नसते, त्यामुळे रीजन जवळपास बंद पडतं. मग पाय उचलल्यावर गाडी नेहमीसारखी आपोआप हळू होत नाही, सगळा भार साध्या ब्रेकवर येतो आणि वळणावर पहिल्यांदा ते जाणवतं तेव्हा दचकायला होतं. पंधरा टक्के जागा ठेवली तर घाट उतरताना डोंगर जी वीज परत देतो ती साठवायला पुरेशी जागा राहते.